कलाभवनातून कारखान्यात

श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली बडोद्यास कलाभवन स्थापिले. त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले प्रमुख. रंगकाम व रसायन तेथे हातांनी शिकावयाचे असे. याच गज्जरांनी कोटिभास्कर व अमीन या शिष्यांसह १९०७ मध्ये ॲलेंबिकचा कारखाना काढिला. कलाभवन १९४९ मध्ये सयाजीराव विद्यापीठात सामील झाले.

आज अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षी एखादा कारखानदार आपली खरी अडचण विद्यार्थ्यांपुढे ठेवितो, खर्चही सोसतो. पुस्तकी गणिताचे उत्तर मागील पानावर असते (तुम्ही ते आधी पाहता, हे आम्ही जाणतो!), येथे ते कोणापाशीच नसते. कारखानदारास चालते यंत्र हवे, गुरूंस शिष्याची समज. म्हणून फसलेल्या, पण कारण उमगलेल्या आराखड्यासही गुण मिळावेत, असे मला वाटते.