राख, भस्म, अंगारा : स्वप्नातील प्रतीकाचे वाचन

मागील वर्षी वर्गात ‘गुरुचरित्रा’चा पहिला अध्याय शिकवून झाल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. वारलेली आजी स्वप्नात येऊन कपाळाला राख लावते, असे तिला तीनदा दिसले होते. स्वप्नफलाच्या एका पुस्तिकेत राखेचा अर्थ ‘नाश’ असा दिलेला. मुलगी घाबरली होती. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हे टिपण त्या उत्तराचाच प्रयत्न आहे.

उत्तर आम्ही वाचत होतो त्याच अध्यायात होते. नामधारक गुरूच्या भेटीसाठी निघतो, भेट होत नाही म्हणून गुरूलाच बोल लावतो आणि थकून झोपी जातो. स्वप्नात जटाधारी योगी येतो, त्याच्या कपाळी भस्म लावतो, अभय देतो. जागा झाल्यावर तीच मूर्ती आठवत तो पुढे चालू लागतो.

फ्रॉइडच्या ‘स्वप्नांचा अर्थ’ (1900) या ग्रंथाच्या आधारे पाहिले तर ही इच्छापूर्ती आहे : जागेपणी न मिळालेली भेट झोपेत मिळते. युंगच्या मते स्वप्न जाणिवेच्या एकांगीपणाची भरपाई करते. जागेपणी ‘गुरूने टाकले’ ही तक्रार आहे, तर नेणीव ‘गुरू जवळच आहे’ हे चित्र पुढे ठेवते. योग्याच्या रूपात युंगला ज्ञानी वृद्धाचा आदिबंध दिसला असता.

दोघांत मतभेद पुष्कळ. पण स्वप्नाचा अर्थ लावताना स्वप्न पाहणाऱ्याला त्या वस्तूवरून काय आठवते, हे दोघेही आधी विचारतात. फ्रॉइडने काही प्रतीकांचे अर्थ बरेचसे ठरावीक मानले, तरी केवळ त्यांवर विसंबू नये असे बजावले. युंगला तर ठरावीक अर्थांची यादीच मान्य नव्हती.

आता भस्माकडे पाहू. करजगीप्रमाणेच देवल गाणगापूरही अफझलपूर तालुक्यात आहे. तेथे भीमा-अमरजा संगमाजवळच्या भस्माच्या डोंगरावरून यात्रेकरू भस्म घरी नेतात. आमच्या भागात ते आजाऱ्याच्या, भ्यालेल्या लेकराच्या कपाळी लावतात. वस्तू एकच, पण ‘राख’ म्हटले की चूल आणि चिता आठवते, ‘भस्म’ म्हटले की व्रत, ‘अंगारा’ म्हटले की मायेचा हात.

पुढे मी त्या मुलीला एवढेच विचारले, “आजी स्वप्नात कोणत्या भाषेत बोलते?” ती म्हणाली, “कन्नडमध्ये, सर. ‘विभूती’ म्हणते.” लहानपणी ताप आला की आजी तीच लावायची. स्वप्नात विभूती होती; मला मराठीत सांगताना तिची राख झाली आणि पुस्तिकेने त्या राखेचा नाश केला. हे बोलताना ती रडली, पण भीती गेली होती.

आपला सीमाभाग दुभाषी आहे. आपल्या मराठीविषयी संकोच व्यक्त करणाऱ्या सरस्वती गंगाधरांनी याच मातीतला ग्रंथ मराठीत रचला. म्हणून कथा-कवितेतील स्वप्न शिकवताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत : झोपेपूर्वी पात्राच्या मनात काय सलत होते? त्या वस्तूशी त्याचे आयुष्यात काय नाते आहे? त्या वस्तूला त्याच्या घरात कोणता शब्द आहे? आदिबंधाची चर्चा त्यानंतर करावी.