चाकांच्या खुर्चीतून वेरूळ

मुलांनो, नांदेडजवळचे मुदखेड हे रेल्वेचे जंक्शन आहे. आदिलाबादकडे जाणारा फाटा येथूनच फुटतो. तेथील एखाद्या आजोबांनी तरुणपणी पुष्कळ प्रवास केला. आता पायांत बळ नाही, म्हणून ते चाकांच्या खुर्चीत बसतात. वेरूळचे लेणे पाहण्याची त्यांची इच्छा मात्र ताजी आहे. गाडीने छत्रपती संभाजीनगरपर्यंत आणि पुढे मोटारीने सुमारे ३० किलोमीटर, एवढाच रस्ता. मग अडचण कोठे आहे?

अडचण आहे ती पायरीची. जी पायरी तुम्ही एका उडीत ओलांडता, तीच चाकापुढे भिंतीसारखी उभी राहते. तिला उपाय उतरणीचा. १ फूट उंची चढावयाची, तर उतरण निदान १२ फूट लांब हवी. चढ याहून उभा असला, की ढकलणाऱ्यास धाप लागते आणि परतताना खुर्ची आवरत नाही. सार्वजनिक इमारतींत दिव्यांगांना सहज जाता यावे, असे २०१६ चा कायदा सांगतो. तरीही कित्येक ठिकाणी दारापुढे आखूड, उभी फळी टाकून ‘सोय केली’ असे म्हणतात. ती सोय नव्हे, घसरगुंडी होय!

अजिंठ्याची लेणी उभ्या कड्यात आहेत. तेथे पायऱ्या टळत नाहीत, म्हणून डोलीवाले मिळतात. दांड्यांना बांधलेल्या खुर्चीत प्रवाशाला बसवून चौघे ती खांद्यावर घेतात. त्यांचे कष्ट मोठे. परंतु बसणाऱ्यालाही संकोच वाटतो. चौघांचे खांदे अवघडले असता ‘जरा थांबा, हे पुन्हा पाहू’ असे कसे म्हणावे?

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी कोरले गेले. कारागीर डोंगराच्या माथ्यापासून कोरीत पायथ्यापर्यंत उतरले. त्यामुळे त्याचे प्रांगण खाली, पायथ्याशी आहे. जमीन खडबडीत आहे, हाताशी कोणी हवे. पण आत गेल्यावर आजोबांना घाई नाही. मंदिर पाठीवर पेलणारे हत्ती त्यांच्या नजरेसमोरच आहेत. दक्षिणेकडे कैलास पर्वत हलविणारा रावण आहे.

वरच्या गाभाऱ्याकडे मात्र पायऱ्याच जातात. नातू धावत वर जाईल आणि तेथले वर्णन आजोबांना येऊन सांगेल. घाईत त्याने खालचा रावण पाहिलाच नसेल. तो आजोबा त्याला दाखवतील.