पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी किती?

दर रविवारी सकाळी आमच्या गल्लीत फिनेलवाला येतो. स्कूटरच्या दोन्ही बाजूंना निळे कॅन, पुढच्या पिशवीत रिकाम्या बाटल्या. 'पाच लिटर एकशे तीस, वास घेऊन बघा!' आपण वास घेतो, गुलाबाचा किंवा लिंबाचा येतो, आणि पैसे काढून देतो. कॅनवर ना नाव, ना पत्ता, ना तारीख. नाकाने केलेली खरेदी.

आत नेमकं काय असतं? पांढरं फिनेल म्हणजे पाइन तेल, ते पाण्यात मिसळून राहावं म्हणून साबणासारखा पदार्थ, वरून सुगंध, आणि बाकी पाणी. रसायनांच्या दुकानात याचा अर्क मिळतो. एक लिटरमध्ये पाणी घालून वीस लिटर फिनेल करा, असं त्यावर लिहिलेलं असतं. पाणी पडताच तो दुधासारखा होतो. तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरले की प्रकाश विखुरतो, एवढंच त्यामागचं कारण. त्यामुळे 'बघा किती पांढरं होतंय' या वाक्याला काही अर्थ नाही. पांढरेपणा म्हणजे जोर नव्हे.

जोर मोजायचं माप वेगळं आहे. रिडील आणि वॉकर या दोघांनी ते 1903 मध्ये मांडलं. कार्बोलिक ॲसिडच्या तुलनेत एखादा द्रव किती पट पातळ केला तरी टायफॉइडचे जंतू मरतात, तो आकडा म्हणजे रिडील-वॉकर गुणांक. जंतुनाशक फिनेलच्या डब्यावर तो 'आरडब्ल्यूसी' म्हणून छापलेला असतो, सोबत ग्रेडही असते. ग्रेड 1 साठी किमान 18, ग्रेड 2 साठी 10, ग्रेड 3 साठी 5. दवाखान्यात ज्याचा वास येतो ते काळं फिनेल या हिशेबात मोजलं जातं. स्कूटरवरच्या कॅनवर हा आकडा कधी दिसलेला नाही. त्याने फरशी पुसली तर घर स्वच्छ वाटेल, वासही छान येईल. जंतू मेले का, याचं उत्तर कॅनवाल्याकडेही नाही.

आता हिशेब. भाव आमच्या भागातले आहेत, तुमच्याकडे पाचपन्नास रुपये इकडेतिकडे होतील. कॅनचं फिनेल लिटरला 26 रुपये पडतं. दुकानातलं नावाजलेलं जंतुनाशक फ्लोअर क्लीनर लिटरला 220. आठपट फरक! पण बादलीत किती घालतो ते बघा. कॅनमधलं पातळ असल्याने वास येईपर्यंत आपण ओततच राहतो. मी एकदा मापाने मोजलं, ते 150 मिली निघालं. म्हणजे बादलीला 3 रुपये 90 पैसे. दुकानातल्या बाटलीवर चार लिटर पाण्याला एक टोपण लिहिलंय, ते साधारण 20 मिली भरतं. म्हणजे 4 रुपये 40 पैसे. फरक उरला पन्नास पैशांचा. रोज एक बादली धरली तर महिन्याला 15 रुपये वाचतात, आणि त्या 15 रुपयांत आत काय आहे हे कळण्याचा हक्क आपण सोडून देतो. (दुकानातल्या बाटलीचंही टोपण न मोजता धार धरली, तर मात्र कॅनच स्वस्त.)

भांड्यांच्या सुट्या लिक्विडची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण त्यात आपले हात बुडतात. ते बनवण्याची कृती बाजारात सगळ्यांना पाठ आहे. 'ॲसिड स्लरी' नावाचं दाट, तपकिरी रसायन घ्यायचं, कॉस्टिक सोड्याने त्याचा आंबटपणा मारायचा, फेसासाठी 'एसएलईएस'ची पांढरी पेस्ट घालायची, मग रंग आणि वास. शेवटी मीठ. हो, साधं मीठ. या पेस्टमध्ये ठरावीक प्रमाणात मीठ घातलं की पातळ द्रव घट्ट होतो. म्हणून 'बघा कसं मधासारखं आहे' हे वाक्यसुद्धा फिनेलच्या पांढरेपणाच्याच पंगतीला बसवायचं.

यात घातक काही नाही, मोजमाप नीट असेल तर. मोठ्या कंपन्याही याच जातीचे पदार्थ वापरतात. अडचण येते ती बादलीत काठीने ढवळून अंदाजाने कॉस्टिक टाकलं की. गेल्या वर्षी आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींच्या बोटांची सालं निघायला लागली. आधी आम्ही थंडीला दोष दिला. मग सुचलं ते स्वयंपाकघरातलंच. पांढऱ्या कागदावर ओली हळद फासली आणि त्यावर सुट्या लिक्विडचा थेंब टाकला. थेंब पडला तिथे कागद लालभडक झाला. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, त्यातलाच हा प्रकार. क्षार जास्त असला की हळद लाल होते. शेजारी दुकानातल्या बाटलीतला थेंब टाकला, तिथे हळद पिवळीच राहिली. तो कॅन त्याच दिवशी गेला. मावशी म्हणाल्या, 'ताई, मी कधीची सांगत होते.' खरंच सांगत होत्या.

कॉस्टिक कमी पडलं तर उलटा दोष राहतो, स्लरीचा आंबटपणा. तो हळदीला कळत नाही. त्यासाठी लिक्विडमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाका. फसफसलं तर हात घालू नका. मात्र कपड्यांची पावडर आणि वडीचा साबण हळदीवर लाल होणारच, त्यांचा तो स्वभावच आहे. ही परीक्षा भांड्यांच्या लिक्विडपुरतीच.

पाणी किती, हे बघायचं असेल तर दोन स्टीलच्या ताटल्यांत दोन लिक्विडं सारखी मोजून घ्या आणि चार दिवस उन्हात ठेवा. एकीत चिकट थर उरतो, दुसरीत पातळ पापुद्रा आणि मिठाचे पांढरे खडे. बाथरूमच्या ॲसिडच्या बाबतीत हा उद्योग करू नका.

कपड्यांच्या स्वस्त पावडरीला एक ग्लास पाणी पुरतं. चमचाभर पावडर ढवळून तासभर ठेवा. तळाशी वाळूसारखा जाड थर बसला तर ती दगडाची भुकटी, वजन वाढवायला घातलेली. थोडा गढूळपणा चांगल्या पावडरीतही असतो, त्यावरून भांडू नका. मीठ मात्र विरघळून जातं, ते या परीक्षेत सापडत नाही. स्वस्त पावडरीत उरतो तो मुख्यतः धुण्याचा सोडा. तोच हवा असेल तर किराणा दुकानात सुटा घ्या. आमच्याकडे किलोला साठच्या आत मिळतो, मोरी आणि तेलकट ओट्यासाठी उत्तम. हातमोजे घाला.

बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या आदेशानंतर ॲसिडची खुली विक्री बंद व्हायला हवी होती. अठरा वर्षांखालच्यांना द्यायचं नाही, ओळखपत्र बघून वहीत नोंद करायची. वास्तव तुम्हाला माहीत आहे. आमच्या जुन्या घरातल्या मोरीची शहाबादी फरशी अशाच ॲसिडने खडबडीत झाली. शहाबादी, कडप्पा, कोटा, संगमरवर, सगळे चुनखडीच्या जातीचे दगड. ॲसिड पडलं की फेस येतो. आपल्याला वाटतं मळ निघतोय, निघत असतो दगड. नळावरच्या पांढऱ्या डागांना लिंबाचं फूल कोमट पाण्यात पुरतं, पण तेही या दगडांवर सांडू नका. आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर कधीही नाही. त्यातून क्लोरीन निघतो, आणि बंद संडासात तो जिवावर बेततो. ब्लीचिंग पावडर घ्यायचीच तर छोटं बंद पाकीट घ्या. उघडी राहिली की महिन्या-दोन महिन्यांत तिच्यातला दम जातो.

बंद पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ माप, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा फोन छापणं कायद्याने बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सांगा किंवा जिल्ह्याच्या वैधमापन कार्यालयात जा.

आणि एक काम आजच करा. मोरीखाली वाकून बघा. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत भरलेलं फिनेल किंवा ॲसिड असेल, तर ती बाटली मुलांचा हात पोचणार नाही अशा कुलपाच्या कपाटात हलवा आणि वर मोठ्या अक्षरांत नाव लिहा. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करायला लावू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.