छर्रा, काडतूस आणि आपली मुले

खजराना भागात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना पंचवीसहून अधिक वर्षे सरली. तिळ चतुर्थीला श्रीगणेश मंदिराच्या परिसरात जत्रा भरते. ती गर्दी पाहिली की व्यवसायाच्या आरंभकाळातील एक नऊ वर्षांचा मुलगा मला हटकून आठवतो. दूरच्या एका गावच्या जत्रेत फुगे फोडण्याच्या खेळापाशी तो उभा होता आणि डोळ्याला 'काहीतरी लागले' होते. वरच्या पापणीवर तिळाएवढी खूण, रक्त जवळजवळ नाही, मूल शांत. मी थेंब लिहून दिले व दोन दिवसांनी दाखवायला सांगितले. तिसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञांनी काढलेल्या एक्स-रेमध्ये छर्रा डोळ्याच्या खोबणीत दिसला. त्या डोळ्याची दृष्टी परत आली नाही. छर्रा दुसऱ्याच्या हातून सुटला होता. पण एक्स-रे न काढण्याची चूक माझी होती. आजचा हा लेख त्या चुकीचे ऋण अंशतः फेडण्यासाठी आहे.

छर्ऱ्याची बंदूक हे खेळणे नव्हे

४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या हवेच्या बंदुकीला आपल्याकडे परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणजे धोका नाही, असा सोयीचा अर्थ आपण काढतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २० ज्यूल ऊर्जेने सुटला, तर त्याचा वेग ताशी सुमारे हजार किलोमीटर भरतो. जत्रेतील बंदुकीत इतका जोर नसेलही. परंतु डोळा भेदण्यास याच्या लहानशा अंशाइतका वेग पुरतो. शिवाय कठीण फळीवर आपटलेला छर्रा उलटून येतो. म्हणून नेम धरणाऱ्याइतकाच बाजूला उभा असलेला प्रेक्षकही धोक्यात असतो.

व्यवसायबंधूंसाठी काही सूत्रे :

१. जखमेच्या आकारावरून खोलीचा अंदाज बांधू नये. डोळा, कानशील, मान, छाती व पोट या जागी छर्रा लागल्याचा नुसता संशय असला, तरी एक्स-रे किंवा सी.टी. स्कॅन करावाच.
२. डोळ्यावर दाब देऊ नये, तो चोळू नये, थेंब वा मलम घालू नये, रुतलेली वस्तू ओढू नये. कागदी पेल्याचा तळ कापून तो भोवतालच्या हाडावर टेकेल असा चिकटवावा.
३. मुलास तोंडाने काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागेल. उलटी थांबवण्याचे औषध द्यावे. धनुर्वाताची लस तपासावी.
४. शरीरात धातू नाही याची खात्री होईपर्यंत एम.आर.आय. करू नये.

नेमका उलटा उपचार

ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर आणि आपल्या इंदूरसह मध्य प्रदेशात शंभराहून अधिक जणांचे डोळे 'कार्बाइड गन'ने जखमी झाले. त्यांत मुलांचा भरणा मोठा होता व काहींची दृष्टी गेली. प्लास्टिकच्या नळीत कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू होतो आणि ठिणगीने त्याचा स्फोट होतो. मागे उरतो तो चुना. बार उडाला नाही म्हणून मूल नळीत डोकावते आणि त्याच क्षणी तो उडतो. अशा डोळ्यास भाजणे व क्षार अशी दुहेरी इजा होते. येथे मात्र वेळ न दवडता, दाब न देता, स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धूत राहावे, पापणी उलटून चुन्याचे कण काढावेत आणि मगच नेत्रतज्ज्ञांकडे धाडावे. छर्ऱ्याचा डोळा झाकावा आणि कार्बाइडचा डोळा धुवावा, एवढे प्रत्येक घराने पाठ करावे.

समारंभातील बंदूक

आपल्या प्रांतात वरातीत बंदूक उडवण्याची हौस अद्याप सरलेली नाही. हवेत झाडलेली गोळी हवेत विरत नाही. ती कुणाच्या तरी गच्चीवर वा डोक्यावर उतरते. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्यातील २०१९ च्या दुरुस्तीने विवाह, सभा, धर्मस्थळ अशा ठिकाणी हर्षापोटी केलेला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी परवान्याचे शस्त्रही पूर्णपणे झाकून, म्यानात अथवा पिशवीत आणि स्वतःच्या ताब्यात ठेवूनच न्यावे लागते. ते मिरवण्यास मनाई आहे. म्हणून निमंत्रणपत्रिकेतच 'कृपया शस्त्र आणू नये' ही ओळ छापण्यात यजमानाला संकोच वाटण्याचे कारण नाही. बंदुकांची प्रदर्शने जेथे राजरोस भरतात त्या अमेरिकेतही बहुतेक प्रदर्शनांत दारातच बंदूक रिकामी असल्याची तपासणी होते व चाप ओढता येऊ नये म्हणून ती पट्टीने बांधली जाते.

मुलांना बजावणे पुरेसे आहे का?

'आमच्या मुलांना सांगून ठेवले आहे, ती हात लावत नाहीत,' हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. २००१ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निकामी केलेले खरे पिस्तूल एका खोलीत लपवून मुलांना दोघा-तिघांच्या गटांत तेथे सोडले. ज्या गटांना ते सापडले त्यांपैकी बहुतेकांनी ते हाताळले, काहींनी चापही ओढला. सापडलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांना ते खरे की खेळण्यातले हे कळले नव्हते. आणि हाताळणाऱ्यांतील बहुतेकांना 'हात लावू नये' हा धडा पूर्वीच मिळालेला होता! उपदेश मुलाच्या कुतूहलापुढे टिकत नाही, कुलूप टिकते. अमेरिकेत २०२० पासून मुलांच्या व किशोरांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदूक पहिल्या क्रमांकावर आहे. तेथील बालरोगतज्ज्ञ पालकांना घरातील बंदुकीविषयी विचारतात. लसीकरणाची वही तपासताना आपणही विचारू या : घरात बंदूक आहे का? काडतुसे वेगळ्या कुलपात आहेत का? किल्ली कोणाकडे असते?

खंडेनवमीची आठवण

होळकरांच्या या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत खंडेनवमीला शस्त्रे पाटावर येतात. आमच्याकडे आजोबांची दुनळी बंदूक असे. मी दहा वर्षांचा असताना झेंडूचे फूल बाजूला सारून ती चुलत भावावर रोखली. चापावर बोट जाण्यापूर्वी आजोबांनी ती काढून घेतली व मधोमध उघडली. एका नळीत काडतूस होते. आजोबा मला रागावले नाहीत. ते बराच वेळ खाली बसून राहिले. पुढच्या वर्षापासून चार मोठ्यांसमोर नळ्या उघडून दाखवल्याखेरीज बंदूक पाटावर आली नाही आणि काडतुसे त्या खोलीतच येईनाशी झाली. त्यांच्या निधनानंतर आम्ही ती रीतसर जमा केली. आता पाटावर स्टेथोस्कोप असतो, नातवंडांनी मांडलेली कंपासपेटी असते. पूजेत काही उणे राहिले असे कधी वाटले नाही.

बंदूक नेहमी भरलेली आहे असेच समजावे, तिचे तोंड माणसाकडे करू नये, बोट चापापासून दूर ठेवावे आणि मुलापुढे ती मांडूच नये. या चार गोष्टी वाचकांनी आपापल्या घरी व आपापल्या रुग्णांना सांगितल्या, तर त्या नऊ वर्षांच्या मुलाचे ऋण मी थोडे तरी फेडले असे मानीन.