यीस्ट आणि ऑक्सिजनचा दाह

कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र बसू यांनी १९०२ साली सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. काही द्रव्ये मोठ्या मात्रेत दिली असता प्रतिसाद मंदावतो, तर अल्प मात्रेत तो उलट वाढतो, असे निरीक्षण त्यांनी त्यात नोंदविले होते. धातू आणि सजीव यांच्यात त्यांनी दाखविलेले साम्य पुढे टिकले नाही. परंतु आघात केवढा आणि त्याला उत्तर कसे, हा प्रश्न जीवशास्त्रात कायम राहिला. त्याचे एक बोधप्रद उत्तर यीस्टच्या पेशीत सापडते.

पाव फुगविणारी ही पेशी मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढी असते. ऑक्सिजनशिवाय ती साखर आंबवून जगू शकते. ऑक्सिजन मिळाल्यास त्याच साखरेतून कितीतरी अधिक ऊर्जा मिळविते. मात्र या लाभाची किंमत मोजावी लागते. श्वसन चालू असता कलकणूंतून काही इलेक्ट्रॉन निसटतात व ऑक्सिजनला चिकटतात. त्यांतून सुपरऑक्साइड आणि पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. पेरॉक्साइडची लोहाशी गाठ पडली की अत्यंत विध्वंसक असा हायड्रॉक्सिल कण निर्माण होतो. प्रथिने, मेद आणि डीएनए यांपैकी काहीच त्याच्या तडाख्यातून सुटत नाही.

या संकटावर पहिला उपाय एंझाइमांचा. सुपरऑक्साइडचा निरास करणारे एंझाइम मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी १९६९ साली अमेरिकेत ओळखले. यीस्टमध्ये त्याचे दोन प्रकार आहेत : एक तांबे व जस्त असलेला, दुसरा कलकणूंतील मँगॅनीजयुक्त. पहिल्याचे जनुक काढून टाकल्यास पेशी हवाविरहित जागी नीट वाढते. हवेत मात्र लायसीन व मेथिओनीन ही ॲमिनो अम्ले बाहेरून पुरविल्यावाचून तिची वाढ होत नाही. ऑक्सिजनचे दुधारी स्वरूप याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल. उरलेल्या पेरॉक्साइडचे पाणी व ऑक्सिजन यांत विघटन करण्याचे काम कॅटॅलेझ करते.

परंतु धोका वाढल्याची वर्दी केंद्रकाला कोण देते? याचा उलगडा २००२ साली झाला. ‘याप-१’ हे प्रथिन एरवी केंद्रकात शिरताच बाहेर धाडले जाते. पेरॉक्साइड वाढले की ‘जीपीएक्स-३’ हे दुसरे प्रथिन प्रथम त्याच्याशी संयोग पावते आणि नंतर ‘याप-१’मध्ये गंधकाचा बंध घडवून आणते. त्यामुळे ‘याप-१’चा आकार बदलतो, त्याची बाहेर पडण्याची खूण झाकली जाते आणि ते केंद्रकातच साचून संरक्षक जनुकांना चालना देते. संकट ओसरल्यावर थायोरेडॉक्सिन हे प्रथिन तो बंध तोडते व इशारा थांबतो. दरम्यान साखरेचा काही भागही वेगळ्या मार्गाने वळविला जातो. त्यातून मिळणारी क्षपणशक्ती दुरुस्तीच्या कामी येते.

पेरॉक्साइडची सौम्य मात्रा आधी दिलेल्या पेशी पुढे घातक ठरणाऱ्या मात्रेतही मोठ्या संख्येने तगतात. बसूंच्या निरीक्षणाची येथे आठवण होते. तथापि दोहोंची यंत्रणा एकच आहे असे समजू नये. यीस्टमध्ये अल्प आघाताने बचावाची सामग्री आधीच सज्ज होते, म्हणून पुढचा मोठा आघात सोसता येतो. माणसाच्या पेशींतही ताम्र-जस्तयुक्त एंझाइम आहे आणि त्याच्या जनुकातील दोषांचा चेतापेशींच्या एका असाध्य आनुवंशिक रोगाशी असलेला संबंध १९९३ साली उघड झाला. म्हणूनच पावाच्या पिठातील या क्षुद्र जीवाचा अभ्यास अखेर माणसापर्यंत येऊन पोहोचतो.