पदवी ते पहिला पगार

शास्त्रपाठ : मत्तय २०:१-१६; अनुवाद २४:१४-१५



निकाल लागले की तुमच्यापैकी कोणीतरी मला हमखास विचारते, "ताई, आपली मुलं शिकली, पदवीधर झाली. आता नोकरीचं काय?" तुमच्या देणग्यांतून ज्यांची पुस्तके आणि परीक्षेची फी गेली, त्यांच्याविषयी हे विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे. या अंकात त्याच प्रश्नाचा आपण मिळून अभ्यास करू. सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करते.

माझ्या वहीतली नोंद

पदवी घेतलेल्या मुलामुलींची मी एक वही ठेवते. नाव, गाव, विषय, कुठे अर्ज केला, पुढे काय झाले. तिच्यात अक्राणी तालुक्यातल्या एका मुलीचे नाव आहे. पाड्यावरची ती पहिली पदवीधर, बी.एस्सी. रसायनशास्त्र. सप्टेंबरमध्ये नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात प्रयोगशाळा सहायकाच्या जागा निघाल्या. मी तिला अर्ज करायला लावले. मंगळवारी सकाळी दहाला मुलाखत ठरली. ती गेलीच नाही. फोन केला तर एवढेच म्हणाली, "ताई, नाही जमलं." मला राग आला. वहीत तिच्या नावापुढे मी लिहिले, "इच्छुक नाही."

दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर गुजरातला ऊसतोडीला गेली. होळीला सगळे परत आले तेव्हा आमची भेट झाली, आणि मी जे सप्टेंबरमध्ये विचारायला हवे होते ते तेव्हा विचारले.

ती म्हणाली, "तिकिटाचं काही नव्हतं ताई, एसटीला आम्हांला अर्धंच पडतं. पण दहाला पोचायचं तर आदल्या दिवशी घाट उतरून शहाद्याला यायचं, तिथून नाशिक. रात्री नाशिकच्या स्टँडवर मी एकटी कुठे बसणार? बाबा म्हणाले, नको."

प्रश्न एका रात्रीच्या मुक्कामाचा होता. नाशिकमध्ये मी पंचवीस ख्रिस्ती घरे ओळखते. एक फोन पुरला असता.

चौकातल्या माणसांचे उत्तर

आता शास्त्रपाठ उघडा. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावायला निघतो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचला जातो तेव्हाही काही माणसे चौकात उभी असतात. तो त्यांना विचारतो की दिवसभर रिकामे का उभे राहिलात. त्यांचे उत्तर अगदी साधे आहे : आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही.

डिप्लोमाच्या वर्गात हा दृष्टांत मी देवाच्या कृपेची शिकवण म्हणून शिकले. ती शिकवण खरीच आहे. पण त्या उत्तराजवळ मी कधी थांबले नव्हते. आता थांबले तेव्हा तीन गोष्टी दिसल्या.

पहिली, धनी त्यांच्या उत्तरावर संशय घेत नाही. आळशी माणूस पाच वाजेपर्यंत चौकात उभा राहत नाही. तो केव्हाच घरी गेलेला असतो. उभे राहणे हाच त्यांच्या इच्छेचा पुरावा होता.

दुसरी, धनी स्वतः पाच वेळा बाहेर पडतो. घरी बसून कोणी दाराशी येण्याची वाट पाहत नाही.

तिसरी, पैसे त्याच संध्याकाळी हातात पडतात. अनुवादातला नियमही हेच सांगतो. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायची, कारण त्याचे लक्ष तिच्याकडेच लागलेले असते. ही तिसरी गोष्ट आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

सगळे आधार एकदम सुटतात

आमची मुले बहुतेक आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहून शिकतात. शिकत असेपर्यंत राहायला जागा असते, जेवण असते, शिष्यवृत्ती असते, एसटीचा विद्यार्थी पास असतो. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की हे सगळे एकदम संपते. ज्या दिवसापासून शहरात राहून नोकरी शोधायची, त्याच दिवशी मूल पेटी घेऊन पाड्यावर परत येते. तिथे रेंजसाठी टेकडीवर जावे लागते. मुलाखतीचा मेल दोन दिवसांनी दिसतो.

मी पदवीधर झाले तेव्हा माझी पेटी नाशिकला मावशीच्या घरी गेली. पाच महिने तिच्याकडे जेवले. काका मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांच्या ओळखीने एका कार्यालयात भेट ठरली. पुढे कित्येक वर्षे मी लोकांना सांगत आले की पहिली नोकरी मी माझ्या गुणांवर मिळवली. ते पाच महिने मी हिशेबात धरले नव्हते.

उचल आणि पगार

"पदवी घेऊन ऊस तोडायला का जातात?" हाही प्रश्न मला विचारला जातो. त्याचे उत्तर पैशाच्या वेळेत आहे. हंगामाच्या आधीच मुकादम दारात येतो आणि घराला उचल देतो. ती कर्ज असते, अंगमेहनतीने फेडावी लागते, आणि अनेकदा पुरती फिटत नाही. पण हातात आधी पैसे पडतात. कंपनीची नोकरी मात्र महिनाभर काम करून घेते आणि पुढच्या महिन्यात पगार देते. तोवर खोलीचे डिपॉझिट, मेस, रोजचे बसभाडे, एक जोडी बूट. हे सगळे आधी लागते. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घराने हे कुठून आणायचे?

मुकादमाला ही अडचण आपल्यापेक्षा चांगली कळली आहे. म्हणून तो जिंकतो.

मंडळीने काय करावे

आपल्याला कोणाला नोकरी देता येणार नाही, आणि तसे वचनही देऊ नये. पण पदवी आणि पहिला पगार यांमधल्या दिवसांत मावशीचे घर होता येईल.

१. मुक्काम. नाशिक, पुणे, ठाणे, छत्रपती संभाजीनगर येथील कुटुंबांनी मुलाखतीसाठी येणाऱ्यांना एक-दोन रात्री ठेवून घ्यावे. मुलींसाठी हे सर्वांत आधी.

२. पहिले चाळीस दिवस. नोकरी लागल्याचे कळल्यावर आपण टाळ्या वाजवतो. खरी गरज त्या दिवसापासून सुरू होते. महिला मंडळाने किंवा तरुण संघाने यासाठी छोटा निधी ठेवावा.

३. कागद. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण त्याची वैधता तपासणी समिती देते, आणि ती जुने पुरावे मागते. ज्यांचे आजोबा शाळेतच गेले नाहीत त्यांना ते शोधायला वेळ लागतो. म्हणून अर्ज बारावीतच करावा, नोकरीची जाहिरात निघाल्यावर नको. आधार, गुणपत्रिका आणि दाखला यांवर नाव एकसारखे आहे का तेही तपासावे. निवृत्त कारकून व शिक्षक बंधूंनी हे काम घेतले तर मोठी मदत होईल.

४. एकाच दारावर बसू नये. २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते, आणि राखीव प्रवर्गालाही अर्जाचे शुल्क ९०० रुपये होते. सरकारी परीक्षा जरूर द्यावी, पण तिच्या आशेवर चार वर्षे रिकामी जाऊ देऊ नयेत. महास्वयम् संकेतस्थळावर नोंदणी करावी. शिकाऊ उमेदवारीचीही चौकशी करावी. २०१९ च्या नियमांनुसार पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरले. राज्याने २०२४ मध्ये आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना १०,००० रुपये ठरले होते. ही कायम नोकरी नव्हे, पण पुढच्या अर्जात "अनुभव" या रकान्यात लिहायला काहीतरी मिळते.

५. फसवणूक. नोकरी लावून देतो म्हणून जो पैसे मागतो, तो नोकरी देणारा नसतो. हे घरातल्या मोठ्यांनाही सांगा, कारण शेळ्या विकून पैसे तेच देतात.

वहीतली नोंद बदलली

त्या मुलीला दुसऱ्या वर्षी मेमध्ये पुन्हा बोलावणे आले, दुसऱ्या कारखान्यातून. या वेळी नाशिकच्या एका कुटुंबाने तिला ठेवून घेतले. मुलाखत झाली, ३ जूनला ती कामावर रुजू झाली. पहिला पगार १० जुलैला झाला. मधल्या सदतीस दिवसांत मंडळीचा खर्च आला ४,८०० रुपये आणि त्या घरातला एक पलंग. आता ती दोघींबरोबर खोली घेऊन राहते. गेल्या महिन्यात मोलगीकडची एक मुलगी मुलाखतीला आली, ती हिच्याच खोलीवर उतरली. तिला मी पाठवले नव्हते. दोघींनी आपसात ठरवले होते.

"इच्छुक नाही" हे शब्द मी खोडले. खोडलेले दिसतात तसेच राहू दिले आहेत, पुढच्या वेळी मला आठवण राहावी म्हणून. त्या वहीत अजून सात नावे चौकात उभी आहेत. दोघांच्या मुलाखती झाल्या, निवड झाली नाही. तिघे पुन्हा ऊसतोडीला जाऊन आले. दोघांचे फोन लागत नाहीत. त्यांच्या पाड्यावर मला या महिन्यात जायचे आहे.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. तुमची पहिली नोकरी लागेपर्यंत तुम्ही कोणाच्या घरी जेवलात? तुमच्यासाठी कोणी शब्द टाकला?

२. धनी पाच वेळा बाहेर गेला. आपली मंडळी किती वेळा गेली?

३. कोणाविषयी आपण न विचारताच "इच्छुक नाही" असे ठरवून टाकले आहे?

४. तुमच्या घरी महिन्यातून दोन रात्री कोणाला झोपायला जागा देता येईल का? येत असेल तर आपल्या पाळकांजवळ नाव द्या.

प्रार्थनेत या सात जणांची आठवण ठेवा.

ख्रिस्तात तुमची बहीण