मळीतली साखर आणि रेझिनचा स्तंभ



मागच्या वार्षिक सभेत एका सभासदांनी उभं राहून विचारलं, "परदेशात मळीतून राहिलेली साखर काढून घेतात म्हणे. मग आपली साखर आपण मळीत का घालवायची?" सभेला वेळ कमी होता, उत्तर अर्धवट राहिलं. प्रश्न मात्र रास्त आहे, कारण साखर उतारा हा आपल्या सर्वांच्या ऊसदराशी निगडित आहे. म्हणून या अंकात प्रयोगशाळेतर्फे आम्ही त्याचं सविस्तर उत्तर देत आहोत.

साखर मळीत राहते कशी?

एक टन ऊस गाळला की साधारण ४० किलो मळी निघते. तिच्यात वजनाने सुमारे एक तृतीयांश साखर असते. म्हणजे टनामागे १२-१३ किलो. ही साखर पॅनमध्ये कितीही शिजवा, क्रिस्टलायझरमध्ये कितीही फिरवा, ती दाणा धरत नाही. पोटॅशसारखे क्षार आणि इतर बिगरसाखर पदार्थ तिला विरघळलेलीच धरून ठेवतात. शिवाय मळी इतकी चिकट होते की साखर दाण्यापर्यंत पोचतच नाही. फडक्याने गाळून उपयोग नाही, कारण साखर आणि क्षार दोन्ही पाण्यात पूर्ण विरघळलेले. मग विरघळलेल्यातून विरघळलेलं वेगळं काढायचं कसं? त्याची युक्ती म्हणजे क्रोमॅटोग्राफी. मराठीत तिला वर्णलेखन म्हणतात.

घरी करून बघा

टिपकागदाची एक पट्टी घ्या. खालच्या टोकापासून दोन बोटं वर काळ्या स्केच पेनने ठिपका द्या आणि फक्त टोक पाण्यात बुडेल अशी पट्टी पेल्यात उभी धरा. पाणी वर चढू लागलं की काळा ठिपका फुटतो आणि निळा, जांभळा, पिवळसर असे पट्टे दिसू लागतात. शाई पाण्यात विरघळणारी मात्र हवी. काळा रंग अनेक रंगांचं मिश्रण होता. जो रंग कागदाला जास्त चिकटला तो मागे राहिला, जो कमी चिकटला तो पुढे गेला.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच काचेच्या नळीत केलं. नळीत खडूची पूड ठासून भरली, वरून पानांचा अर्क ओतला, आणि हिरवे-पिवळे पट्टे एकाखाली एक वेगळे झाले. १९०३ साली वॉर्सा येथे त्यांनी या कामावर व्याख्यान दिलं. रंगांच्या त्या पट्ट्यांवरूनच वर्णलेखन हे नाव आलं. पुढे रंग नसलेल्या पदार्थांनाही तीच रीत लागू पडली.

आठवडी बाजाराचं उदाहरण घ्या. दोन शेजारी एकाच वेळी वेशीतून बाजारात शिरले. एकाला काही घ्यायचं नाही, तो सरळ पलीकडे निघून गेला. दुसरा प्रत्येक दुकानात डोकावत गेला. गल्ली एकच, पण बाहेर पडण्याची वेळ वेगळी. स्तंभात होतं ते एवढंच.

मळीचा स्तंभ

मळीसाठी खडू चालत नाही. तिथे रेझिन वापरतात. रेझिन म्हणजे मिलिमीटरच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढे बारीक मणी. ते उभ्या टाकीत भरतात, वरून पातळ केलेली मळी सोडतात आणि तिच्यामागून नुसतं गरम पाणी. मण्याच्या अंगात ऋण विद्युतभार पक्का बसवलेला असतो. क्षारांतला ऋणभाराचा भाग त्याच्याजवळ फिरकू शकत नाही, आणि त्याचा जोडीदार त्याला सोडून एकटा आत जात नाही. म्हणून क्षार मण्यांच्या बाहेरूनच वाहत जातात आणि आधी बाहेर पडतात. साखरेला विद्युतभार नाही. ती मण्यात शिरते, निघते, पुढच्यात शिरते, आणि उशिरा येते. आधी येणारा क्षारांचा भाग वेगळ्या टाकीत, नंतर येणारा साखरेचा वेगळ्या टाकीत.

प्रयोगशाळेत मोजणीसाठी अशाच स्तंभात एखादा थेंब सोडतात. तिथे कोणता पदार्थ किती आहे हे कळलं की काम झालं. इथे मात्र माल हाती घ्यायचा आहे, म्हणून स्तंभावर भार जास्त टाकावा लागतो. भार वाढला की पट्टे रुंद होतात आणि एकमेकांत शिरतात. खरी अडचण इथेच आहे.

हिशेब मांडून बघू

समजा, स्तंभात १०० किलो घनपदार्थ सोडले: ६० किलो साखर, ४० किलो बिगरसाखर. बाहेर येणारं द्रावण पाच भागांत धरलं.

पहिला भाग: साखर नाही, बिगरसाखर २० किलो.
दुसरा भाग: साखर ३, बिगरसाखर १४.
तिसरा भाग: साखर १२, बिगरसाखर ४.
चौथा भाग: साखर २५, बिगरसाखर दीड.
पाचवा भाग: साखर २०, बिगरसाखर अर्धा.

आता फक्त चौथा आणि पाचवा भाग घेतला तर साखर ४५ किलो मिळते, शुद्धता जवळपास ९६ टक्के. पण १५ किलो साखर हातची गेली. उतारा ७५ टक्के. तिसराही घेतला तर साखर ५७ किलो, उतारा ९५ टक्के, पण शुद्धता ९० वर आली. दुसराही ओढला तर सगळी साखर मिळाली, पण शुद्धता ७५! शुद्धता ओढावी तर उतारा सुटतो, उतारा धरावा तर शुद्धता सुटते. भार कमी टाकला तर दोन्ही सुधारतात, पण मग दिवसाला काम किती होणार? म्हणून शहाणे लोक मधला तिसरा भाग फेकतही नाहीत आणि घेतही नाहीत. तो पुन्हा स्तंभात फिरवतात.

याच विचारातून सतत चालणारी पद्धत निघाली. तिचं पेटंट अमेरिकेत १९६१ साली मिळालं. आपण दारं धरतो तेव्हा वाफे जागेवरच असतात, फक्त पाण्याचं दार एका वाफ्यावरून पुढच्या वाफ्यावर जातं. तसेच इथे अनेक स्तंभ गोलाकार जोडतात. रेझिन हलत नाही. मळी आत जाण्याचं, पाणी सोडण्याचं आणि माल काढण्याचं दार ठराविक वेळाने पुढे सरकतं. त्यामुळे रेझिन आणि पाणी दोन्हींची बचत होते.

परदेशात काय घडलं?

परदेशातली ती मळी मुख्यतः बीटची. अमेरिकेत अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ साली बीट उत्पादक शेतकऱ्यांनी विकत घेऊन सहकारी केली. तिथेही पुढे बीटच्या मळीतून या रीतीने साखर काढू लागले. फिनलंडमध्ये साखरेबरोबर बीटेन नावाचा पदार्थही काढला. तो पशुखाद्यात विकला जातो.

हेच तंत्र उसाच्या मुळावरही आलं, हे सभासदांनी ध्यानात ठेवावं. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पाकात फ्रुक्टोज ४२ टक्क्यांपर्यंत येतं. शीतपेयाला ते कमी पडे. कॅल्शियमयुक्त रेझिनच्या स्तंभातून फ्रुक्टोज वेगळं काढून ९० टक्क्यांचा पाक केला, आणि तो मिसळून ५५ टक्क्यांचा. १९८४ साली अमेरिकेतल्या दोन बड्या कोला कंपन्यांनी तिथे साखरेऐवजी पूर्णपणे हा पाक वापरायला मुभा दिली. अमेरिकेला साखर पाठवणाऱ्या देशांतल्या ऊस उत्पादकांना त्याची झळ बसली.

मग आपण का नाही?

पहिलं कारण, बीटच्या मळीत जवळजवळ निम्मं वजन साखरेचं असतं. आपल्या मळीत एक तृतीयांश. दुसरं, आपल्या मळीत कॅल्शियम, गाळ आणि डिंकासारखे पदार्थ जास्त. कॅल्शियम रेझिनवर बसून त्याचं काम बिघडवतं, गाळाने स्तंभ तुंबतो. म्हणून आधी मळी स्वच्छ आणि मृदू करण्याचा वेगळा खर्च. तिसरं, आपल्या मळीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज भरपूर, आणि ते साखरेच्या मागोमागच येतात. चौथं, घातलेलं सगळं पाणी पुन्हा वाफेने आटवायचं. वाफ फुकट येत नाही. इन्सुलिनसारखं मोलाचं औषध स्तंभातून शुद्ध करणं परवडतं, कारण त्याची किंमतच तशी आहे. साखरेचं तसं नाही.

आणि मळीतली साखर वाया जाते असंही नाही. टनभर मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल निघतं. यीस्टला साखर, ग्लुकोज, फ्रुक्टोज सगळंच चालतं, वेगळं करून द्यावं लागत नाही. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि उसाच्या रसापासून इथेनॉलची वाट खुली केली, तेव्हापासून कित्येक ठिकाणी साखर मळीत मुद्दाम राखली जाते. तेव्हा तूर्त आपल्यासाठी डिस्टिलरी हाच शहाणपणाचा मार्ग, असं आमचं मत आहे. रेझिन आणि वाफेचे हिशेब बदलले तर मतही बदलू. यंत्र विकायला कोणी आलं तर शुद्धता, उतारा, रोजचं काम आणि टनामागे वाफ हे चारही आकडे एकत्र मागावेत. एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

शेवटी एक विनंती. ऊस तोडून फडात पडून राहिला की त्यातली साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. ती साखर कोणताही स्तंभ परत देऊ शकत नाही. पाचट आणि माती ऊसाबरोबर आली की तीही शेवटी मळीच वाढवते. तोडलेला ऊस ताजा आणि स्वच्छ गव्हाणीत येणं, हे सर्वांत स्वस्त शुद्धीकरण आहे, आणि ते आपल्या हातात आहे.

काही शंका असल्यास सभासदांनी प्रयोगशाळेत जरूर यावे. टिपकागदाचा प्रयोग आम्ही करून दाखवू. मुलांनाही बरोबर आणा.